शॉवेल फिरवताना अर्थ फॉल्ट ट्रिप : माझा अनुभव

नागपूरजवळ उमरेडकडची खुली कोळसा खाण, ६.६ केव्हीची रोप शॉवेल (तारेच्या दोरांनी बकेट ओढणारं विजेवरचं मोठं खोदयंत्र). पाऊस लागला की स्विंग घेताना (वरचा भाग फिरवताना) अर्थ फॉल्ट रिले ट्रिप, म्हणजे वीज जमिनीकडे गळतेय म्हणून सप्लाय तुटायचा. मशीन उभी असली की काहीच नाही. ट्रेलिंग केबल (मशीनला वीज देणारी, मागे ओढली जाणारी) मेगर केली, म्हणजे तिचं इन्सुलेशन मोजलं, कपलर (केबलचा जोड) उघडून पुसला, रिलेही बदलून पाहिला. डोक्याला नुसता ताप!

मग लक्षात आलं, ट्रिप ठरावीक कोनातच होते. म्हणजे कलेक्टर रिंग: खालच्या भागातून फिरत्या भागाला ब्रशमार्फत वीज देणाऱ्या कड्या.

आधी स्विच हाउसवरून सप्लाय बंद, कुलूप-टॅग, लाइन डेड असल्याची खात्री, अर्थिंग. कव्हर काढलं तर इन्सुलेटरवर ओल्या कार्बनची काळी साय! व्हॅक्यूमने ओढली (हवा मारू नका, धूळ आणखी आत जाते), क्लीनरने पुसून हीटरने वाळवलं. झिजलेले ब्रश आणि कव्हरचं फाटकं गॅस्केट बदललं. पाणी तिथूनच झिरपत होतं. अर्थिंग काढून ५ केव्ही मेगर लावला: हजार मेगओहमच्या वर. पुन्हा डिस्चार्ज, कव्हर, सप्लाय. रिकामी बकेट दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहिली, मगच मशीन ऑपरेटरभाऊंच्या हाती दिली.