बेस गिटार घेताना: वजन किती आणि तोल कुठे

बेस घ्यायला गेलेला माणूस दुकानात आधी वजन विचारतो. विचारावंच, पण तेवढ्यावर थांबू नये. ३.३ किलोचा बेस तासाभरात डावा हात भरून आणतो आणि ४.२ किलोचा गणपतीतला चार तासांचा ऑर्केस्ट्रा आरामात काढून देतो, असं सर्रास होतं. हलक्या बेसची नेक, म्हणजे तारा दाबायची लांब दांडी, सारखी खाली येत असेल, तर डाव्या हाताला दोन कामं लागतात: तारा दाबायच्या आणि नेक उचलून धरायची. अंगठा मागून रेटतो, मनगट मुडपतं, कोपराखालचा भाग ताठरतो. खांद्यावर कावड घेणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. एक हंडा अर्धा रिकामा असला की एकूण ओझं कमी होतं, पण काठी हाताने दाबून धरावी लागते.

आधी वजनाचं उरकून घेऊ. ३४ इंच स्केलचा (म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी तेवढी) चार तारांचा नेहमीचा बेस साधारण ३.६ ते ४.५ किलो भरतो. पाच किलोच्या आसपास गेला तर तोल कितीही चांगला असो, उभं राहून वाजवायला घेऊ नका. कोकणात वाद्यांचं मोठं दुकान हाताशी नसतं, म्हणून बरेच जण ऑनलाइन मागवतात. तिथे दिलेलं वजन अनेकदा खोक्यासकट असतं. विकणाऱ्याकडून बेस काट्यावर ठेवलेला फोटो मागवा. जुना घेत असाल तर किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो.

आता तोल. यात सगळ्यात महत्त्वाची जागा म्हणजे बॉडीच्या वरच्या शिंगाच्या, म्हणजे नेककडे निघालेल्या टोकाच्या, शेवटी असलेलं पट्ट्याचं बटण. ते बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीच्या) आसपास येत असेल तर बेस सहसा शहाण्यासारखा वागतो. १९५१ च्या फेंडर प्रिसिजनचं लांब वरचं शिंग नुसतं शोभेचं नाही, ते हे काम करतं. उलट गिब्सनच्या एसजी गिटारच्या आकाराचे आखूड शिंगांचे बेस आणि १९६३ मध्ये आलेला गिब्सन थंडरबर्ड नेक खाली जाण्यासाठी प्रसिद्धच आहेत. बॉडी पोकळ केलेली किंवा पॉलोनियासारख्या फार हलक्या लाकडाची असेल तर काट्यावरचा आकडा छान दिसतो, पण कमी झालेलं वजन सगळं बॉडीकडचं असतं. मेपलची नेक आणि लोखंडी खुंट्या तशाच राहतात, म्हणून तोल आणखी बिघडतो. पाच तारांच्या बेसला एक खुंटी जास्त आणि नेक रुंद, त्यामुळे तिथे हे दुप्पट काळजीने बघावं.

दुकानात जाताना गुळगुळीत नायलॉनचा पट्टा आणि सिंथेटिक टी-शर्ट घाला. खरबरीत चामड्याचा पट्टा शर्टाला धरून राहतो आणि दोष झाकतो. पट्टा असा बांधा की बसल्यावर बेस जिथे असतो तिथेच उभं राहिल्यावरही येईल. नेक थोडी वर, साधारण तीस अंशांवर धरा आणि दोन्ही हात सोडा. डावा तळहात मात्र नेकखाली वीतभर अंतरावर तयार ठेवा, नाहीतर हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) काउंटरवर आपटून पैसे भरावे लागतील. नेक आहे तिथे राहिली किंवा हळूहळू आडवी होऊन थांबली तर ठीक. आडव्या रेषेखाली गेली तर पुढच्या कोणत्याही गुणावर भुलू नका. मग वीस मिनिटं उभ्याने वाजवा. पट्टा खांद्यावरून पुढे सरकत असेल तर शर्टही त्याच्याबरोबर पुढे ओढला जातो आणि मागची कॉलर मानेला काचते. ही खूण हमखास. स्टुलावर बसून घेतलेली परीक्षा धरू नका, कारण तिथे बेस मांडीवर टेकतो आणि बटणाच्या जागेचा संबंधच येत नाही.

बेस घरात आहे आणि नेक खाली जाते, तर काय? लगेच काही विकत घेऊ नका. मासेमारीच्या जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या आणा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा आणि बॉडीच्या शेवटच्या टोकाला, खाली मऊ फडकं घालून, टेपने लावा. शंभर ग्रॅमपासून सुरुवात करून वाढवत न्या. नेक थांबली की आकडा लिहून ठेवा. (शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा.)

हे वजन कायमचं ठेवलं तर तोल सुधारतो, पण खांद्यावर तेवढा भार वाढतो. त्यापेक्षा हेडस्टॉकवरून काढणं चांगलं. ३४ इंच म्हणजे ८६.४ सेंमी स्केलवर बारावा फ्रेट नटपासून (हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या पट्टीपासून) ४३ सेंमीवर असतो. खुंट्यांचा मध्य नटच्या पलीकडे आणखी साधारण दहा सेंमी. म्हणजे बटण बाराव्या फ्रेटजवळ असेल तर तिथून खुंट्या ५३ सेंमीवर आणि बॉडीचं टोक जवळजवळ तेवढ्याच अंतरावर. इथे हिशेब सरळ आहे: टोकाला शंभर ग्रॅम लावा किंवा खुंट्यांकडून शंभर काढा, सारखंच. बटण सोळाव्या फ्रेटजवळ असेल तर खुंट्या ६२ सेंमीवर जातात आणि टोक ४२ वर येतं. तेव्हा टोकाला ३०० ग्रॅम लावून जे साधतं ते खुंट्यांकडून २०० ग्रॅम काढून साधतं. जड खुंट्या काढून हलक्या बसवल्या तर चार मिळून दीडशे-दोनशे ग्रॅम सुटतात. पण आधी एक खुंटी काढून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. ती साठ-सत्तर ग्रॅमच भरली तर बदलून काही हाती लागणार नाही. नवीन मागवण्यापूर्वी हेडस्टॉकमधल्या भोकाचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजा आणि मागच्या स्क्रूंची जागा जुळते का बघा. भोकं जुळली नाहीत तर हेडस्टॉकची चाळण होते.

नेक थोडीशीच खाली जात असेल तर पट्टाच पुरतो. पाच सेंमीऐवजी साडेसात ते नऊ सेंमी रुंदीचा, आतून खरबरीत चामड्याचा. किनारपट्टीवर त्याची एक कटकट आहे. घामाने भिजलेला पट्टा पावसाळ्यात बॅगेत बंद करून ठेवला की आठवड्यात बुरशी धरतो आणि मग कडक होऊन खांद्यावर घसरू लागतो. कार्यक्रमानंतर काढून सावलीत टांगा. खाऱ्या हवेत बटणाचे साधे स्क्रूही गंजतात, स्टेनलेस स्टीलचे घाला. बटण हातानं फिरत असेल तर स्क्रू काढा, भोकात दोन टूथपिक फेव्हिकॉल लावून ठोका, वर आलेला भाग कापा, एक दिवस वाळू द्या आणि मग स्क्रू परत बसवा. पट्टा निसटू नये म्हणून बटणावर नळाचा मऊ रबरी वायसर चढवला तरी चालतो.