आठ-दहा माणसांचं घर परराज्यात हलवताना आधी कागद हलवा

कोल्हापूरहून बंगळुरू किंवा पुण्याहून इंदूर: सामानाचा ट्रक एका दिवसात पोहोचतो, पत्ते मात्र महिनोन् महिने मागेच राहतात. एकत्र कुटुंबात सगळ्यांचा आधारवरचा पत्ता बदलायचा, तर प्रत्येकाच्या नावाचा पुरावा कुठून आणणार? त्याची गरज नाही. 2023 पासून कुटुंबप्रमुखाच्या आधारे ऑनलाइन पत्ता बदलता येतो. भाडेकरार ज्याच्या नावावर आहे त्याचा पत्ता आधी बदला, मग बाकीच्यांचे अर्ज त्याच्या आधार क्रमांकावर भरा. नात्याचा पुरावा म्हणून रेशन कार्ड किंवा विवाह नोंदणी दाखला चालतो. प्रमुखाने 30 दिवसांत ऑनलाइन संमती द्यायची असते. वडीलधाऱ्यांना प्रमुख करणार असाल तर ती संमती कोण बघणार हे आधीच ठरवा, नाहीतर मुदत टळते आणि अर्ज बाद होतो.

रेशन कार्ड लगेच रद्द करू नका. अन्नसुरक्षेच्या कार्डावर नव्या राज्यातही धान्य मिळतं, गावी राहिलेली माणसं उरलेलं तिथे उचलू शकतात.

गॅसचं उलट: सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर (जुनी जोडणी बंद केल्याचा कागद) घ्या, त्यावरच नव्या शहरात जोडणी मिळते. तोवर इंडक्शन शेगडी हाताशी असू द्या. एवढ्या माणसांचं रोज बाहेरून मागवणं खिशाला परवडत नाही.

शाळेच्या अर्जात स्थानिक संपर्क मागतात. मामा-काका जवळ नसतील तर शेजारच्यांचं नाव द्या, पण त्यांना विचारून.