स्केटबोर्डच्या ग्राफिकसाठी सॉफ्टवेअर निवडताना

वरूडकडच्या गावात राहून स्केटबोर्डच्या फळीवरची चित्रे काढण्याचे काम करता येते, हे कळल्यावर आसपासची मुले मला सर्वांत आधी विचारतात की सॉफ्टवेअर कोणते घ्यावे. मी उलट दोन गोष्टी विचारतो : फळी कोणत्या पद्धतीने छापली जाणार आहे आणि तुमच्या लॅपटॉपची रॅम किती आहे. सॉफ्टवेअरचे नाव या दोन उत्तरांवर ठरते, ते किती प्रसिद्ध आहे यावर नाही.

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागते, म्हणून तिथे मोजके, सपाट रंग आणि स्वच्छ कडा हव्यात. अशा चित्रासाठी इंकस्केप, कोरलड्रॉ किंवा इलस्ट्रेटर यांसारखे व्हेक्टर सॉफ्टवेअर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा आणि आकारांनी चित्र काढणारे, योग्य, कारण त्यातील रेषा कितीही मोठी केली तरी फाटत नाही. हीट ट्रान्सफरमध्ये चित्र आधी फिल्मवर छापून उष्णतेने आणि दाबाने फळीवर चढवतात, त्यामुळे ब्रशच्या छटाही चालतात. त्यासाठी क्रिटा किंवा फोटोशॉप बरे.

आता रॅमचा हिशेब पाहा. फळी साधारण ८ इंच रुंद आणि ३२ इंच लांब धरली, तर ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, फाइल २४०० × ९६०० पिक्सेलची होते. असा पूर्ण भरलेला एकच लेअर, म्हणजे चित्राचा एक थर, जवळपास ९२ एमबी जागा घेतो आणि दहा लेअर झाले की ४ जीबी रॅमचा लॅपटॉप अडखळू लागतो. जुन्या लॅपटॉपवर शिकणाऱ्याने म्हणूनच इंकस्केपपासून सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ते मोफत आहे आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसले तरी चालते, तर इलस्ट्रेटरला वर्गणी भरावी लागते आणि परवाना तपासण्यासाठी अधूनमधून नेटही लागते. चोरीच्या प्रतीच्या वाटेला मात्र जाऊ नका.

इंकस्केप मुख्यतः आरजीबी, म्हणजे पडद्यावरच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत काम करते, ही त्याची मर्यादा. स्क्रीन प्रिंटिंगला तिची फारशी अडचण येत नाही, कारण छापणारा शेडकार्ड पाहून शाई मिसळतो. पण हीट ट्रान्सफरसाठी पडद्यावरचा झगझगीत नारंगी छपाईत मळकट उतरू शकतो. क्रिटामध्ये नवी फाइल उघडतानाच सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांचे रंग, निवडता येते. कोरलड्रॉही थोडे शिकून ठेवा, कारण तालुक्याच्या फ्लेक्स आणि लग्नपत्रिकेच्या दुकानांत बहुधा तेच असते आणि शिकत असताना पोट भरणारे काम तिथूनच मिळते.

मराठी अक्षरे घेणार असाल तर श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टऐवजी युनिकोड फॉन्ट वापरा. एक टाइपचे मुक्ता आणि बालू हे दोन्ही मोफत आहेत. इलस्ट्रेटरमध्ये भारतीय भाषांचा पर्याय सुरू केला नाही तर जोडाक्षरे सुटी पडतात आणि वेलांटी भलत्याच जागी जाते. फाइल पाठवण्यापूर्वी अक्षरांचे पाथमध्ये, म्हणजे फॉन्टवर न अवलंबणाऱ्या आकारांत, रूपांतर करावे, कोरलमध्ये ‘कन्व्हर्ट टू कर्व्हज’ आणि इंकस्केपमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’, आणि दुरुस्ती करता येईल अशी मूळ प्रत वेगळी जपावी.

सॉफ्टवेअर कोणतेही असो, फळीच्या आकृतीवर बोल्टची आठ भोके दाखवणारा एक लॉक केलेला लेअर पहिल्या दिवसापासून ठेवा. पुढचे चार आणि मागचे चार बोल्ट बसले की ट्रक, म्हणजे चाके धरणारे फळीखालचे धातूचे सांगाडे, चित्राचा बराच भाग झाकतात. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी काढायचा झाल्यास त्याचा डोळा आणि बाशिंग दोन ट्रकांच्या मधल्या जागेत यायला हवे. शेवटी फ्लेक्सच्या दुकानातून ते चित्र खऱ्या मापात साध्या कागदावर छापून घ्या, कडेने कापा, फळीवर चिकटवा आणि भोके जिथे पडतात तिथे सुईने टोचून पाहा.