मोळी पडायच्या आत स्नॅपशॉटचं स्क्रिप्ट तयार ठेवा

सांगली भागात साखर कारखान्याचे सर्व्हर कोण सांभाळत असेल तर स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची स्थिती, काढणारं आणि उडवणारं स्क्रिप्ट दसऱ्याच्या आधीच तयार करून घ्या, कारण एकदा गव्हाणीत मोळी पडून गाळप सुरू झालं की वजनकाटा चोवीस तास चालू, रात्री दोनला पण ट्रॉल्यांची रांग, मग "रात्री निवांत करू" असली सोयच राहत नाही. मी व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन, म्हणजे व्हीएम, चालवणारं सॉफ्टवेअर) आणि त्याच्याशी बोलणारी पायथनची पायव्हीएमओमी लायब्ररी धरून सांगतोय.

पहिलं म्हणजे होस्टचं, व्हीएम ज्यावर चालतात त्या मूळ सर्व्हरचं, लायसन्स बघा. फुकटवाल्या ईएसएक्सआयवर (होस्टवरचं व्हीएमवेअरचं सॉफ्टवेअर) एपीआय, म्हणजे स्क्रिप्टनं बोलायचा रस्ता, फक्त वाचायला मिळतो, म्हणजे यादी मस्त दिसते आणि स्नॅपशॉट काढायला गेलं की एरर, आणि मग दिवसभर कोडमध्ये चूक शोधत बसायचं. स्क्रिप्टला वेगळं अकाउंट द्या, त्याला स्नॅपशॉट काढायचा आणि उडवायचा एवढाच अधिकार. रिव्हर्टचा, म्हणजे मशीन परत स्नॅपशॉटच्या वेळेवर न्यायचा, देऊच नका. हंगामात कुणी चुकून रिव्हर्ट मारलं तर स्नॅपशॉटनंतरच्या सगळ्या वजनाच्या पावत्या गेल्या, आणि मग ऊसवाल्यांना काय उत्तर देणार? पासवर्ड फाईलमध्ये लिहू नका, हे काय परत सांगायला नको.

आधी नुसती यादी काढणारं स्क्रिप्ट लिहा, चार दिवस तेच चालवा. एकही स्नॅपशॉट नसेल तर व्हीएमचं स्नॅपशॉट फील्ड नन (रिकामं) येतं, ते तपासलं नाही तर पहिल्याच मशीनवर स्क्रिप्ट आडवं. स्नॅपशॉटच्या पोटात स्नॅपशॉट असतात, त्यामुळं फंक्शननं स्वतःलाच परत बोलवत खालपर्यंत जायला पाहिजे. आणि वेळ यूटीसीत येते, टाइमझोनसकट, त्यातून साधं डेटटाइम नाऊ वजा केलं की टाइपएरर. काही जण वैतागून टाइमझोनच उडवतात, मग एरर जातो पण साडेपाच तासाचा घोळ राहतो. नाऊला यूटीसी टाइमझोन द्या, विषय संपला.

स्नॅपशॉट काढताना मेमरी फॉल्स (रॅम साठवायची नाही), क्वाएस ट्रू (आधी डिस्कवरचं लिखाण नीट थोपवायचं). क्वाएसला आत व्हीएमवेअर टूल्स चालू लागतात, तेही बघून ठेवा. इंडिपेंडंट मोडमधली डिस्क स्नॅपशॉटमध्ये येतच नाही, डेटाबेस नेमका त्याच डिस्कवर नाही ना एवढं तपासा. डेटास्टोअरमध्ये (व्हीएमच्या फाईली राहतात तिथं) जागा किती हे पण स्क्रिप्टनंच आधी बघावं, स्नॅपशॉटनंतरचे बदल साठवणारी डेल्टा फाईल फुगत फुगत मूळ डिस्कएवढी होऊ शकते, आणि जागा संपली की व्हीएम तिथंच थांबतं.

खरी तयारी उडवायच्या भागाची. काढायला काय, मिनिट लागतं. व्हीएमवेअरच सांगतं की एक स्नॅपशॉट 72 तासांच्या वर ठेवू नका, साखळी 32 पर्यंत चालते पण दोन-तीनच बऱ्या. तेव्हा आपल्या स्क्रिप्टनं काढलेल्या नावांना ठराविक सुरुवात द्या आणि तेवढेच उडवा, बॅकअप सॉफ्टवेअरच्या स्नॅपशॉटला हात लावायचा नाही. रिमूव्हचिल्ड्रन (पोटातले स्नॅपशॉटही उडवायचे का) कायम फॉल्स. उडवायचं फंक्शन टास्क परत देतं, म्हणजे काम नुसतं सुरू झालंय, संपलं नाही, म्हणून टास्क पुरं होईपर्यंत थांबा आणि मगच दुसऱ्या मशीनला हात घाला, नाहीतर सगळ्या मशीनच्या डेल्टा एकदम डिस्कमध्ये मर्ज व्हायला लागतात आणि स्टोरेजचा जीव जातो. मर्जच्या शेवटी व्हीएम क्षणभर थिजतं, मोठ्या डेल्टाला जास्तच, आणि तेव्हाच काट्यावर ट्रॉली उभी असली की ऑपरेटरचा फोन आलाच समजा. म्हणून काट्याच्या मशीनची वेळ काटा क्लार्कला विचारून ठरवा, आपल्या मनानं नको. शेवटी कन्सॉलिडेशन नीडेड (मर्ज बाकी आहे सांगणारा) फ्लॅग बघा, यादी रिकामी दिसत असली तरी डेल्टा मागं राहिलेली असू शकते.

आणि हो, स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, मूळ डिस्क गेली की तोही गेला, त्यामुळं बॅकअप वेगळा चालू आहे का ते बघा. मग एका टेस्ट मशीनवर एकाखाली एक तीन स्नॅपशॉट काढा, मधला स्क्रिप्टनं उडवा, बाकीचे दोन जागेवर राहिले आणि मशीन सुरू झालं तरच काट्याच्या सर्व्हरवर लावा.