डेटाबेसची जोडणी तपासणारे मॉड्यूल कसे लिहावे

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका अडत दुकानासाठी आम्ही लिहिलेल्या प्रणालीत हळदीची आवक, वजन आणि शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) यांची मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रॅमचे स्वतंत्र भाग, वेगवेगळी होती आणि प्रत्येक मॉड्यूल डेटाबेसला आपापल्या परीने जोडला जात असे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी शहरात चढू लागले तेव्हा दुकानाने सर्व्हर वरच्या मजल्यावर हलवला आणि त्याचा आयपी पत्ता बदलला. आवकेचे मॉड्यूल नव्या पत्त्यावर गेले, पट्टीचे मात्र जुन्याच पत्त्यावर राहिले, आणि दिवाणजींना पडद्यावर 'त्रुटी' एवढाच शब्द दिसत होता. तेव्हापासून जोडणीची तपासणी हे स्वतंत्र मॉड्यूलच असले पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

या मॉड्यूलला स्वतःची सेटिंग अजिबात देऊ नये. प्रत्येक मॉड्यूलने आपण कोणत्या पत्त्यावर, कोणत्या नावाने आणि कोणत्या तक्त्यांसाठी (टेबलांसाठी) जोडले जातो हे एका ठरावीक इंटरफेसमधून सांगावे (जावामध्ये असा इंटरफेस पुरवणारी मॉड्यूल शोधून देण्याचे काम सर्व्हिसलोडर चोख करतो) आणि तपासणी नेमक्या त्याच माहितीवर व्हावी. ॲडमिनच्या पासवर्डने जोडणी झाली, यावरून पट्टीच्या मॉड्यूलविषयी काहीच सिद्ध होत नाही.

तपासणी पायरीपायरीने करावी: पत्ता सापडतो का, पोर्ट (सर्व्हरवरील डेटाबेसचा दार-क्रमांक) उघडते का, लॉगिन होते का, तक्ता वाचता येतो का. पोर्टच्या पायरीवर जोडणी तत्काळ नाकारली गेली, तर बहुधा मशीन चालू असून डेटाबेस बंद असतो किंवा तो वेगळ्या पोर्टवर असतो. वाट पाहून वेळ संपली, तर आधी फायरवॉल, पत्ता आणि केबल पाहावी. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या डेटाबेस प्रणालींपैकी पोस्टग्रेसचे पोर्ट सहसा ५४३२ आणि मायएसक्यूएलचे ३३०६ असते. वेळेची मर्यादा मात्र स्वतः घालावी, कारण पोस्टग्रेसच्या मूळ क्लायंट लायब्ररीत मर्यादा दिली नाही तर ती लायब्ररी अनिश्चित काळ वाट पाहत थांबू शकते. दुकानातल्या नेटवर्कवर पाच सेकंद पुरतात.

'सिलेक्ट १' (कोणताही तक्ता न वाचणारी साधी चाचणी-क्वेरी) चालले म्हणून समाधान मानू नये, कारण तक्त्यावर अधिकार नसतानाही ते चालते. लिहिण्याची परवानगी तपासताना तर फारच जपावे लागते. खऱ्या तक्त्यात नोंद घालून व्यवहार मागे घेतला, तरी पोस्टग्रेसमधील सीक्वेन्सचा, म्हणजे आपोआप पुढचा क्रमांक देणाऱ्या मोजणीचा, क्रमांक मागे येत नाही. मग ४१२ नंतर थेट ४१४ क्रमांकाची पट्टी निघते आणि मधल्या पट्टीचा जाब हिशेब तपासणारा दिवाणजींनाच विचारतो. यासाठी चाचणीचा छोटा तक्ता वेगळा ठेवून त्यावर तेच अधिकार द्यावेत.

नव्या जोडणीबरोबर पूलमधील, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी उघड्या ठेवलेल्या जोडण्यांच्या साठ्यातील, जोडणीही तपासावी. मायएसक्यूएलमध्ये रिकामी बसलेली जोडणी मूळ सेटिंगनुसार २८,८०० सेकंदांनी, म्हणजे आठ तासांनी, सर्व्हर तोडतो. रात्री बंद झालेले दुकान सकाळी उघडते तेव्हा पूलमध्ये मेलेल्या जोडण्या असू शकतात. नवी जोडणी करून पाहणारी तपासणी 'सर्व ठीक' म्हणते आणि पहिलीच पट्टी अडते. जेडीबीसीमध्ये (जावाच्या डेटाबेस-जोडणीच्या पद्धतीत) पूलमधून जोडणी घेऊन ती जिवंत आहे का, हे 'इजव्हॅलिड'ने विचारावे. तपासणीची जोडणी काहीही झाले तरी बंद करावी; पोस्टग्रेस मूळ सेटिंगमध्ये एकूण १०० च जोडण्या देतो आणि तपासणीनेच त्या खाल्ल्या तर काम थांबते.

निकाल दोन ठिकाणी लिहावा. लॉगमध्ये मॉड्यूल, पायरी, लागलेला वेळ आणि डेटाबेसने दिलेला त्रुटी संकेत असावा, पण पासवर्ड कधीही नसावा. पडद्यावर मात्र दिवाणजींना उपयोगी पडेल असे वाक्य हवे: 'पट्टी: सर्व्हर सापडला, परंतु त्यावरील डेटाबेस बंद आहे. वरच्या मजल्यावरील सर्व्हर पाहावा.'