जर्मन ‘या’ आणि मराठी ‘या’: मिशनमधलं स्वयंसेवेचं वर्ष

जर्मनीत ‘या’ म्हणजे हो. आपल्याकडे ‘या’ म्हणजे दारात आलेल्याला आत बोलावणं. जर्मनीतल्या मिशनच्या, म्हणजे गरजूंना मदत करणाऱ्या केंद्राच्या, खिडकीत स्वयंसेवक म्हणून उभं राहिल्यावर हे दोन ‘या’ एकमेकांत इतके मिसळतात की न समजलेल्या गोष्टीलाही तोंडातून हसून ‘या, या’ निघून जातं. या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण त्या ‘या’बद्दल नीट वाचा.

जर्मनीत स्वयंसेवेचं वर्ष दोन प्रकारे करता येतं: एफएसजे (ऐच्छिक सामाजिक वर्ष) आणि बीएफडी (केंद्र सरकारची स्वयंसेवा). वय २७ च्या आत असेल तर एफएसजे. वरच्या वयाची अट नसलेलं ते बीएफडी, जे सक्तीची लष्करी सेवा थांबल्यावर २०११ पासून सुरू झालं. दोन्ही साधारण बारा महिन्यांची, पूर्णवेळ. दोन्हींत पगार नाही, हातखर्च मिळतो. त्याची कमाल मर्यादा २०२५ मध्ये महिना ६४४ युरो होती, पण तेवढा देणाऱ्या संस्था कमी. म्हणून आकड्यापेक्षा आधी खोली आणि जेवण करारात आहे का ते बघा. खोली नसेल तर नुसत्या हातखर्चावर जर्मन शहरात भागत नाही आणि व्हिसा अधिकाऱ्यालाही ते कळतं. जे.चा जर्मन उच्चार ‘योट’ होतो, म्हणून फोनवर ‘एफ-एस-योट’ ऐकू आलं तर गोंधळू नका. त्याच न्यायाने जाधवचं ‘याधव’ आणि जोशीचं ‘योशी’ होणार आहे. पहिल्या आठवड्यात दुरुस्त केलं नाही, तर वर्षभर तेच नाव.

मिशन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धर्मप्रसार येतो. जर्मन शहरातली मिशन ही बहुतांशी समाजसेवेची जागा असते. बानहोफ्समिसिओन, म्हणजे रेल्वे स्टेशनवरची मिशन, बर्लिनमध्ये १८९४ साली सुरू झाली. कामाच्या शोधात खेड्यांतून एकट्या येणाऱ्या मुलींना स्टेशनवरच गाठून फसवणारे दलाल होते, त्यांच्यापासून या मुलींना वाचवणं हा मूळ हेतू. आज शंभराहून अधिक स्टेशनांवर निळ्या जॅकेटमधले लोक गरम चहा देतात, व्हीलचेअरवाल्या प्रवाशाला गाडी बदलायला मदत करतात, रात्री अडकलेल्याला निवारा शोधून देतात. प्रोटेस्टंट डियाकोनी आणि कॅथलिक कारितास या सेवासंस्था मिळून हे चालवतात. बर्लिनची श्टाटमिसिओन, म्हणजे शहराची मिशन, १८७७ पासूनची. थंडीत उघड्यावर झोपलेल्यांना उचलून निवाऱ्यात नेणारी तिची केल्टेबुस ही गाडी १९९४ पासून फिरते. तुम्ही हिंदू, बौद्ध, कोणीही असा, स्वयंसेवक म्हणून सहसा अडचण येत नाही. सकाळी छोटी प्रार्थना किंवा जेवणाआधी दोन ओळी असतील, तर शांत उभं राहिलं की पुरे. उलट ‘फाटर उन्झर’ ही प्रार्थना पाठ केलीत तर व्याकरणाचा फायदाच. तिच्यातलं ‘गेहाइलिश्ट वेर्डे’ (‘पवित्र मानलं जावो’) हे रूप वर्गात बी-२ या वरच्या पातळीला येतं आणि तिथे कुणालाच नीट कळत नाही.

आता भाषेची पातळी. संस्था बहुतेक वेळा बी-१ मागतात, काही ए-२ वरही घेतात. मॅक्स म्युलर भवनच्या बी-१ परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग. प्रत्येकात शंभरपैकी ६० हवेत आणि एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, कुठूनही करा. फक्त तीन महिन्यांत बी-१ ची हमी देणाऱ्या क्लासपासून लांब राहा. प्रमाणपत्र मिळेलही, पण काउंटरवर पहिल्या दहा मिनिटांत उघडे पडाल.

कारण परीक्षेतला आवाज स्टुडिओतला असतो. खिडकीपलीकडच्या माणसाचे दात पडलेले असतात, तो रात्रभर थंडीत असतो, कधी प्यायलेला असतो. बर्लिनमध्ये ‘इश’चं ‘इक’ होतं, ‘डास’चं ‘डिट’ आणि ‘निश्ट्स’चं ‘न्यूश्ट’. शिवाय पाहुण्यांपैकी (गरजूंना तिथे ‘गेस्टे’, म्हणजे पाहुणेच म्हणतात, आणि तुम्हीही तसंच म्हणायचं) बरेचजण पोलंड, रुमानिया, बल्गेरियाचे. त्यांचंही जर्मन तुमच्यासारखंच शिकाऊ. म्हणजे तिथे राहून भाषा ‘आपोआप’ येते हा समज अर्धाच खरा. चुकीचं जर्मन नक्की आपोआप येतं.

आणि इथेच तो ‘या’ येतो. समोरचा भराभर बोलतो, मागे रांग असते, आपल्याला वाक्यातले दोन शब्द कळलेले असतात. पुन्हा विचारलं तर आपण मठ्ठ दिसू, त्याला राग येईल, आपल्याला काढून टाकतील: हे सगळं एका क्षणात डोक्यात येतं आणि मान हलते. आपल्या संस्कारात मान हलवणं म्हणजे ‘ऐकतोय’. तिथे ‘या’ म्हणजे ‘समजलं, करतो’. सहकारी बाईने सांगितलं की खोली तीनमधल्या माणसाला दूध नको, त्याला त्रास होतो, आणि तुम्ही ‘या’ म्हणालात, तर तिच्या दृष्टीने ती जबाबदारी आता तुमची. दूध दिलं गेलं तर ‘भाषा येत नव्हती’ हे उत्तर चालत नाही. भाषा येत नसल्याबद्दल कोणी रागावत नाही. येते असं भासवल्याबद्दल मात्र विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला महिने लागतात. हे लिहिताना अजूनही पोटात गोळा येतो, म्हणून थोडं लांबतंय.

उपाय तीन वाक्यांचा आहे आणि ती तीन वेगळी वाक्यं आहेत, हे महत्त्वाचं. ऐकूच आलं नसेल तर ‘डास हाबे इश आकुस्टिश निश्ट फरश्टांडन’. मग समोरचा तेच वाक्य मोठ्याने म्हणेल. शब्द अडला असेल तर ‘डास वोर्ट केन्ने इश निश्ट’. मग तो दुसरा शब्द शोधेल. आणि कळलंय असं वाटत असेल तेव्हा, हो, कळलं असेल तेव्हासुद्धा: ‘हाबे इश डास रिश्टिश फरश्टांडन?’ म्हणून ऐकलेलं स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. नुसतं ‘व्ही बिटे?’ (‘काय म्हणालात?’) म्हणत राहिलात तर समोरच्याला तुमची अडचण आवाजाची की शब्दाची ते कळत नाही. तो तेच वाक्य तीनदा म्हणतो, आणि तिसऱ्यांदा तुम्ही लाजेने ‘या’ म्हणून मोकळे होता.

याचाच दुसरा पदर नकारार्थी प्रश्नाचा. ‘तुम्ही चहा घेत नाही ना?’ याला मराठीत ‘हो, नाही घेत’ म्हणता येतं. जर्मनमध्ये अशा प्रश्नाला ‘या’ दिलं तर अर्थच लागत नाही. नसेल तर ‘नाइन’, असेल तर ‘डोख’. ‘तुम्हाला कसली ॲलर्जी नाही ना?’ यावर पाहुणा ‘डोख’ म्हणाला तर ॲलर्जी आहे. हा एक शब्द न कळल्याने काय होऊ शकतं, ते वेगळं सांगायला नको. तिसरा पदर: ‘आणखी सूप?’ याला कोणी नुसतं ‘डांके’ म्हणालं तर ते बहुधा ‘नको’ असतं. हवं असेल तर तो ‘बिटे’ किंवा ‘गेर्ने’ म्हणतो. नवशिके आभार ऐकून वाटी भरतात.

वेळेचंही असंच. ‘हाल्ब आख्ट’ (शब्दशः ‘अर्धे आठ’) ऐकून मराठी डोकं साडेआठ धरतं. ते साडेसात असतं. जर्मन माणूस पुढच्या तासाकडे निम्मा पोचलेला असतो. पूर्वेकडे आणि दक्षिणेत ‘फिअर्टेल आख्ट’ म्हणजे सव्वासात. पण ‘द्राय-फिअर्टेल आख्ट’ म्हणजे चक्क आपले पावणेआठ, तिथे आपला हिशोब जुळतो. आकड्यांतही आपण नशीबवान: ‘फ्युन्फ-उंड-झ्वांत्सिश’ म्हणजे पंच-वीस, आधी एकम मग दशक. इंग्रजीतून शिकणारे इथे रडतात. फक्त एकोणतीस, एकोणचाळीस जर्मनमध्ये सरळ ‘नऊ-आणि-वीस’, ‘नऊ-आणि-तीस’ असे असतात, आणि फोन नंबर जोडीजोडीने सांगितला तर ३४ चे ४३ लिहिले जातात. लिहून परत वाचून दाखवा.

लिंगं तीन आहेत म्हणून घाबरू नका, तो-ती-ते आपल्या रक्तात आहे. ‘डास मेडशेन’ला (मुलगी, पण नपुंसकलिंगी) लोक हसतात, आपण ‘ते पोरगं’ म्हणतोच की. पण लिंगाची कल्पना ओळखीची असली तरी शब्दाशब्दाचं लिंग जुळेलच असं नाही. चमचा तिथेही ‘तो’, काटा मात्र ‘ती’ आणि सुरी ‘ते’. भांडी पुसताना तिन्ही मोठ्याने म्हणा. वेडे दिसाल, पण बसेल.

स्वयंपाकघरात हात घालण्याआधी आरोग्य कार्यालयाची, संसर्गप्रतिबंधक कायद्याच्या कलम ४३ ची, अन्न हाताळण्याबद्दलची माहिती घ्यावी लागते. कामाच्या पहिल्या दिवशी तिचा दाखला तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. निर्वासितांच्या निवाऱ्यात, बालवाडीत किंवा दवाखान्यात काम असेल आणि जन्म १९७० नंतरचा असेल, तर गोवराचा पुरावा, म्हणजे सहसा दोन डोस, मागतात. लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड सापडत नसेल तर भारतातच डॉक्टरांकडून सोय करून या. डुकराच्या मांसाचे शब्द पहिल्याच दिवशी पाठ: श्वाइन, श्पेक, शिंकन, श्माल्त्स आणि मेट. मेट म्हणजे कच्चा खिमा, पावाला लावून खातात. मुस्लिम पाहुण्याला काय देताय ते तुम्हाला माहीत हवं.

कागदपत्रांचं थोडक्यात. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज मुंबईच्या वकिलातीकडे जातात, लांब मुदतीच्या व्हिसाचं शुल्क ७५ युरो. वर्ष बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होतं, म्हणून संस्थांना हिवाळ्यातच लिहा. पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा. त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. पत्ता नोंदवायच्या फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. गोव्याच्या किंवा वसईच्या कॅथलिक वाचकांनी हे लक्षात ठेवावं: तिथे कॅथलिक लिहिलं की पुढे पगार सुरू झाल्यावर आयकराच्या आठ किंवा नऊ टक्के चर्चकर लागतो. हातखर्चावर काही लागत नाही, पण नोंद राहते. खोटं लिहू नका, माहिती असू द्या एवढंच. आरोग्य विम्याचा हप्ता तुम्हाला भरावा लागत नाही, तो काम देणारी संस्था भरते.

जागा मिळवून देण्याचे लाखभर रुपये मागणारे एजंट आहेत. या कामाला जागा मिळवण्याची फी नसते. संस्थांना माणसं हवीच आहेत, ईमेल तुम्ही स्वतः लिहू शकता. मोडक्या जर्मनमध्ये लिहिलात तरी चालेल. एजंटच्या सफाईदार पत्रापेक्षा तेच बरं, कारण मुलाखतीला तुम्हीच बसणार आहात.

करारावर सही करण्याआधी एक गोष्ट लेखी मागा: भाषेच्या क्लासचा वार. आठवड्याला साधारण ३९ तास, पाळ्यांमध्ये काम. फोल्क्सहोखशूलेचे (प्रौढांसाठीच्या सार्वजनिक शिक्षणसंस्थेचे) क्लास बरेचदा संध्याकाळी, आणि तुमची दुपारपाळी रात्री नऊ-दहापर्यंत. ‘बघू या, जमवू’ असं तोंडी आश्वासन थंडीच्या मोसमात, जेव्हा रांगा दुप्पट होतात, कुणाच्याच लक्षात राहत नाही. ‘मंगळवार-गुरुवार पाचनंतर ड्युटी नाही’ एवढं ड्युटीच्या तक्त्यात बसवून घ्या. फी कोण भरणार तेही विचारा. काही संस्था देतात, पण विचारल्याशिवाय नाही. २७ च्या आतल्यांना वर्षात २५ दिवस सेमिनारचे असतात आणि ते सक्तीचे, पण तो भाषेचा वर्ग नव्हे.

शिकवणारं माणूस निवडताना तरुण, इंग्रजी येणारा समाजसेवक टाळा. तो प्रेमळ असतो आणि पहिल्या अडखळीलाच इंग्रजीत उतरतो. स्वयंपाकघरातली, इंग्रजी न येणारी, थोडी खडूस बाई गाठा. ती चुका तोंडावर सुधारेल. तिला ‘झी’ (तुम्ही) म्हणायचं, ‘डू’ (तू) ती स्वतः म्हणेल तेव्हाच. मराठी किंवा हिंदी बोलणाऱ्यांसोबत खोली मिळत असेल तर मोह होईल. एकटेपणा खरा असतो, नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडतो तेव्हा तर फारच. म्हणून रविवारी त्यांच्याकडे वरणभात खाऊन या, राहायला मात्र दुसरीकडे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात भाषा मागे गेल्यासारखी वाटते. जात नाही, कान पुढे गेलेले असतात, जीभ मागे असते. त्या काळात कुणी निर्णय घेऊ नये.

पुढे नर्सिंगची आउसबिल्डुंग, म्हणजे कामासोबतचं व्यावसायिक प्रशिक्षण, करायची असेल तर अर्ज हिवाळ्यातच करा, बहुतेक ठिकाणी बी-२ मागतात. राहण्याचा नवा परवाना मागायचा अर्ज जुना संपायच्या आत गेला पाहिजे. एक दिवस उशीर झाला तरी प्रकरण अवघड होतं.

निघण्याच्या सहा आठवडे आधी कामाचं प्रमाणपत्र मागा आणि हातात आल्यावर शब्दकोश घेऊन वाचा. जर्मन प्रमाणपत्रांची स्वतःची भाषा असते. ‘झी हाट झिश बेम्युट’, म्हणजे ‘तिने प्रयत्न केला’, हे वाचायला गोड आहे. पण त्या भाषेत त्याचा अर्थ जमलं नाही असा होतो. ते वाक्य दिसलं तर हसून ‘या’ म्हणू नका, बदलून मागा.