शेतावरच्या वर्कशॉपसाठी बॅटरीवरची यंत्रे निवडताना

वाळवा-कराडच्या ऊसपट्ट्यात काय किंवा तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागांत काय, शेतीतली बहुतेक मोडतोड विजेच्या बोर्डापासून लांब होते. रोटाव्हेटरचे पाते रानात तुटते, मांडवाचा अँगल बागेच्या मधोमध वाकतो आणि ट्रॉलीच्या फाळक्याचा बोल्ट नेमका भरल्या उसासकट रस्त्यात निघतो. अशा ठिकाणी बॅटरीवरची यंत्रे खरोखर उपयोगी पडतात. वेल्डिंग, कॉम्प्रेसर आणि लोखंड कापायचे चॉप-सॉ मात्र शेडमध्ये वायरवरच ठेवावेत. त्या कामांसाठी बॅटरीवर पैसे घालणे शेतकऱ्याला परवडणारे नाही. खरेदीला निघण्यापूर्वी बॅटरीची कोणती मालिका घ्यायची हे आधी ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला सहसा बसत नाही आणि पहिल्या यंत्राबरोबर आलेला चार्जर पुढची प्रत्येक खरेदी बांधून टाकतो. एकाच कंपनीतही सगळ्या बॅटऱ्या सारख्या नसतात. माकिताची १८ व्होल्टची बॅटरी तिच्याच ४० व्होल्टच्या यंत्राला चालत नाही, तसेच बॉशच्या निळ्या (कारागिरांसाठीच्या) आणि हिरव्या (घरगुती) यंत्रांच्या १८ व्होल्टच्या बॅटऱ्या परस्परांत बदलत नाहीत.

शेतीकामाला १८ व्होल्टचा वर्ग योग्य ठरतो. १२ व्होल्टची यंत्रे हलकी आणि सुबक असतात, पण ती पॅनेल बोर्डाच्या स्क्रूंपुरती ठीक आहेत. डिवॉल्टच्या खोक्यावर २० व्होल्ट मॅक्स लिहिलेले असते आणि बॉश-माकिताच्या खोक्यावर १८, म्हणून पहिले यंत्र जास्त ताकदीचे असे समजू नये. दोन्हीकडे ओळीने जोडलेले पाचच लिथियम सेल असतात. प्रत्येक सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट धरला तर बेरीज १८ होते, आणि पूर्ण चार्ज झालेल्या सेलचा ४.२ धरला तर २१.

ही साधी बेरीज लक्षात ठेवली तर बाजारातली एक मोठी फसवणूक टळते. आठवडी बाजारात आणि ऑनलाइनही ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ, १२८ व्हीएफ असे मोठे आकडे छापलेली स्वस्त इम्पॅक्ट रेंच (ठोके देत बोल्ट फिरवणारी यंत्रे) आणि ग्राइंडर सर्रास विकली जातात. हे आकडे व्होल्टचे नसतात. ती नुसती छपाई आहे. अशा यंत्राचा चार्जर उलटा करून त्यावरचे आउटपुट वाचावे. तिथे २१ व्होल्ट लिहिलेले आढळले की आत पाच सेलचीच ओळ आहे हे निश्चित, कारण खऱ्या ४८ व्होल्टसाठी ओळीने तेरा-चौदा सेल लागतात. मल्टिमीटर हाताशी असेल तर बॅटरीच्या टर्मिनलवर लावून खात्री करून घ्यावी. क्षमतेच्या आकड्याचेही तसेच आहे. १८६५० आकाराचा चांगला सेल फार तर साडेतीन अँपिअर-अवरचा असतो आणि त्याचे वजन ४५ ते ५० ग्रॅमच्या दरम्यान भरते. म्हणजे अशा पाच सेलची बॅटरी साडेतीनच्या वर आणि दहा सेलची बॅटरी सातच्या वर जाऊच शकत नाही. तळहातावर हलकी लागणाऱ्या बॅटरीवर १५००० एमएएच, म्हणजे १५ अँपिअर-अवर, छापलेले असेल तर ते यंत्र तिथेच खाली ठेवावे.

पहिले यंत्र म्हणून अर्धा इंची चौकोनी टोकाचे इम्पॅक्ट रेंच घ्यावे. सहा फुटी रोटाव्हेटरला चाळीसच्या वर पाती असतात आणि प्रत्येक पात्याला दोन बोल्ट, त्यामुळे पाती बदलताना पान्याने ऐंशीच्या वर बोल्ट खोलून पुन्हा आवळावे लागतात. या एका कामातच यंत्राची खरी किंमत कळते. नांगर, कल्टिव्हेटर आणि रोटाव्हेटर यांच्या बोल्टांना साधारण ३०० न्यूटन-मीटर टॉर्कचे, म्हणजे तेवढ्या पिळण्याच्या ताकदीचे, यंत्र पुरते. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाचे गंजलेले नट वरचेवर खोलायचे असतील तर ५०० किंवा त्याहून अधिकचे घ्यावे, पण ते वजनाला जड पडते आणि डोक्याच्या वर धरून काम करताना हात भरून येतो. माहितीपत्रकात आवळण्याचा आणि खोलण्याचा असे दोन वेगळे टॉर्क दिलेले असतात व खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा खोलण्याचा, म्हणजे मोठा, असतो. तुलना करताना दोन्ही यंत्रांचा आवळण्याचा आकडा समोरासमोर ठेवावा. चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचनेच, ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाला आवळावेत. या यंत्राला नेहमीचे चकचकीत गोटी पाने लावू नयेत, कारण सततच्या ठोक्यांनी ते तडकतात आणि त्यांचे तुकडे उडतात. इम्पॅक्टसाठी वेगळे, जाड भिंतीचे काळे सॉकेट मिळतात. त्यांचे पैसे खरेदीच्या हिशेबात सुरुवातीलाच धरावेत.

ड्रिल निवडणे त्यामानाने सोपे आहे. १३ मिलिमीटरचा चक, दोन गती आणि ५० न्यूटन-मीटरच्या पुढचा टॉर्क एवढे पाहावे. लोखंडाला मोठे भोक कमी गतीवर, थोडे तेल सोडत पाडावे. गोठ्याच्या काँक्रीटमध्ये भोके पाडायची असतील तर साध्या हॅमर ड्रिलवर भर न देता एसडीएस-प्लसचे (खाचेच्या बिटाचे) रोटरी हॅमर भाड्याने आणावे.

ग्राइंडरच्या बाबतीत आधी हिशेब मांडावा. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवर यांचा गुणाकार ९० वॅट-अवर होतो. चकती दाबून कापताना यंत्र ७०० वॅटच्या आसपास ओढत असेल तर सलग काम आठ मिनिटांच्या आतच संपते. रानात दोन अँगल कापायला, एखादा गंजलेला बोल्ट उडवायला तेवढे पुरेसे आहे, पण शेडमधले दिवसभराचे काम त्यावर काढता येणार नाही. १०० मिलिमीटरचे, म्हणजे चार इंची, यंत्र घेतले तर चकती गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातही मिळते. १२५ ची चकती त्याला लावण्यासाठी गार्ड काढणे हा जिवाशी खेळ आहे. लहान चकतीचे भोक १६ मिलिमीटरचे, तर मोठीचे २२ पेक्षा किंचित मोठे असते आणि मोठीची कमाल गती कमी असते. चकतीच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर मुदतीची तारीख छापलेली असते, ती घेतानाच वाचावी.

द्राक्षबागायतदारांनी आणखी एक गोष्ट पाहावी. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांसाठी बॅटरीवरची कात्री घ्यायचा विचार असेल, तर ती आपल्याच १८ व्होल्टच्या मालिकेत मिळते का हे आधी विचारावे, म्हणजे दोन छाटण्यांच्या मधल्या काळात त्याच बॅटऱ्या वर्कशॉपमध्ये चालतील.

दोन अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्यांचा संच स्वस्त दिसतो, पण जड भाराखाली त्यांचा दाब लगेच बसतो. त्यापेक्षा चार किंवा पाचच्या दोन घ्याव्यात. मोटार ब्रशलेस, म्हणजे बिनकार्बनची, असेल तर त्याच बॅटरीवर काम जास्त निघते. कार्बनच्या मोटारीचे कार्बन गावातला मिस्त्रीही बदलून देतो, हा तिचा मोठा गुण. ब्रशलेसचे सर्किट गेले तर मात्र सेवाकेंद्राशिवाय इलाज नसतो. रोज वापरायच्या इम्पॅक्टला ब्रशलेस आणि अधूनमधून लागणाऱ्या ड्रिलला कार्बनची मोटार, अशी विभागणी मला योग्य वाटते. वस्तीवरच्या विजेच्या वेळा बेभरवशाच्या असल्या तरी काळजी नसावी, कारण चार अँपिअर-अवरची, म्हणजे ७२ वॅट-अवरची, बॅटरी घरच्या इन्व्हर्टरवर सहज चार्ज होते. उन्हाळ्यात जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी चार्जिंग करू नये आणि कामावरून आलेली गरम बॅटरी निवल्याशिवाय चार्जरवर लावू नये. पाटण-जावळीच्या पावसाळ्यात यंत्रे झाकणाच्या पेटीत कोरडी ठेवावीत. दोन-तीन महिने काम नसेल तर बॅटरी अर्धी चार्ज करून यंत्रातून काढून ठेवावी.

सांगली, मिरज, कराड किंवा साताऱ्यात दुकानदाराला किमतीआधी विचारावे की दुरुस्ती इथेच होते की यंत्र पुण्याला अथवा कोल्हापूरला पाठवावे लागते, आणि सुटी बॅटरी आज दुकानात शिल्लक आहे का. ऐन हंगामात यंत्र पंधरा दिवस बाहेर राहणार असेल तर दोन-तीन हजारांची सवलत कामाची नाही. दुकानातच बॅटरी बसवून यंत्र चालवून पाहावे, ड्रिलच्या चकमध्ये सरळ बिट धरून टोक डगमगते का ते तपासावे आणि दोन्ही बॅटऱ्या चार्जरवर लावून दिवा बदलतो का ते बघावे. बिल जीएसटीचे, यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेलेच घ्यावे. बॅटरीची वॉरंटी बहुधा यंत्रापेक्षा कमी असते, म्हणून ती वेगळी विचारून बिलावर लिहून घ्यावी, आणि कंपनीकडे नोंदणीची अट असल्यास ती दुकानातून निघण्यापूर्वीच मोबाइलवरून पूर्ण करावी.